संगीतकार घडतो कोठे?

कलावंताचे चरित्र लिहिताना त्याच्या प्रतिभेविषयी भरभरून लिहिण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्याच्या घरचा किराणा कोणत्या पैशातून भरला जात होता, याची नोंद मात्र चरित्रकार सहसा करीत नाहीत. गवयाच्या बाबतीत निदान बिदागी, मैफल आणि शिकवणी या गोष्टी वाचकाला ठाऊक असतात. जो स्वतः बैठकीच्या मध्यभागी बसत नाही, इतरांनी गावे-वाजवावे म्हणून रचना करतो, त्या संगीतकाराच्या बाबतीत तेवढेही ठाऊक नसते. त्याची कला वस्तुतः सर्वांत खर्चिक असते. चित्रकाराला कागद आणि रंग पुरतात, कवीला तर कागदही पुष्कळ होतो. संगीतकाराला मात्र आपली रचना कशी झाली आहे हे ऐकून पाहण्यासाठीसुद्धा पाच-दहा माणसे, त्यांची वाद्ये, तालमीची जागा आणि त्या माणसांचा वेळ लागतो. हा खर्च कोण करतो, या प्रश्नाच्या उत्तरावर त्याची सारी कारकीर्द अवलंबून असते.

भास्कर चंदावरकर यांची कारकीर्द या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. नांदेड आणि लातूर येथील शिक्षकांनी, कारकुनांनी व विद्यार्थ्यांनी ती आवर्जून तपासावी, याचे कारण पुढे ओघाने येईल.

चंदावरकरांचा जन्म १६ मार्च १९३६ रोजी पुण्यात झाला आणि २६ जुलै २००९ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. सतारीची तालीम त्यांना पंडित रविशंकर यांच्यासारख्या गुरूकडून मिळाली. अशी तालीम मिळालेल्या तरुणाने मैफलीचा मार्ग धरावा, हे त्या काळात स्वाभाविक मानले जाई. परंतु त्यांची ख्याती झाली ती संगीतकार म्हणून आणि संगीताचे शिक्षक म्हणून. पुण्याच्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली केंद्र सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली होती. तेथे चंदावरकरांनी सुमारे पंधरा वर्षे संगीत शिकविले. पुढच्या सगळ्या गोष्टींचा पाया या नोकरीत आहे.

पगाराने दिलेले स्वातंत्र्य

नोकरी कलावंताला मारते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो पूर्णपणे खोटा नाही. वर्गात गेलेले तास रियाजातून वजा होतात, हे कोणताही शिक्षक सांगेल. तथापि या हिशेबाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हाती पडणारा पगार माणसाला 'नाही' म्हणण्याची ताकद देतो. निर्मात्याला गर्दी खेचणारी सहा गाणी हवी असतील आणि ती देणे मनाला पटत नसेल, तर पगारदार संगीतकार ते काम सोडू शकतो. ज्याची चूल त्या कामावर पेटते, त्याला ती चैन परवडत नाही.

शिवाय संस्था केवळ पगार देत नाही, ती माणसे भेटवते. चंदावरकरांनी ज्या दिग्दर्शकांच्या चित्रपटांना संगीत दिले, त्यांची नावे पाहावीत. 'माया दर्पण' (१९७२) हा कुमार शहानींचा हिंदी चित्रपट, 'स्वप्नाटनम्' (१९७६) हा के. जी. जॉर्ज यांचा मल्याळी चित्रपट आणि 'माया मिरिग' (१९८४) हा नीरद महापात्र यांचा ओडिया चित्रपट. भाषा तीन, प्रांत तीन. पण तिघेही दिग्दर्शक पुण्याच्या त्याच संस्थेत शिकलेले. पुढे हे वर्तुळ वाढत गेले. गिरीश कर्नाडांचा कन्नड 'ओंदानोंदु कालदल्ली' (१९७८), अमोल पालेकरांचा 'आक्रीत' (१९८१), मृणाल सेन यांचा 'खंडहर' (१९८४), अपर्णा सेन यांचा 'परमा' (१९८४) आणि अखेरच्या काळात 'श्वास' (२००४). पुण्यात राहणाऱ्या एका सतारियाला केरळ, ओडिशा आणि बंगाल येथून बोलावणे येते, ते वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून येत नाही. अर्थशास्त्रात ज्याला बाजारपेठ म्हणतात, ती येथे एका वर्गखोलीत तयार झाली.

सरकारचा हात येथेही होता. 'माया दर्पण'सारखे चित्रपट ज्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर उभे राहिले, तेही १९६० मध्येच स्थापन झालेले. शिक्षण देणारी एक संस्था आणि भांडवल पुरविणारी दुसरी, अशी ही जोडी होती. तिचे हिशेब पुष्कळदा तोट्यात गेले. पण त्या तोट्यातून भारतीय चित्रपटाला पार्श्वसंगीताची एक निराळी जाण मिळाली, आणि ती ताळेबंदात दिसत नाही.

संध्याकाळचे भांडवल

चंदावरकरांचे नाव मराठी माणसाच्या घरात पोहोचले ते मात्र नाटकामुळे. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची आणि संगीत चंदावरकरांचे. कीर्तन, अभंग, लावणी आदी ओळखीचेच सूर त्यात होते. त्यांपैकी एकही प्रकार चंदावरकरांनी शोधून काढलेला नव्हता. त्यांनी केली ती मांडणी. भक्तीच्या सुराशेजारी विलासाचा सूर ठेवला, की सत्तेचा दुटप्पीपणा शब्दांवाचून प्रकट होतो, हे त्यांनी ओळखले. रंगमंचावर उभी राहिलेली माणसांची भिंत झुलते, गाते आणि क्षणात निर्दय होते. ती भिंत संगीताखेरीज उभी राहिलीच नसती.

या नाटकावर वादळ उठले. मूळ संस्थेने प्रयोग थांबविले, तेव्हा त्यातील मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकादमी ही नवी संस्था काढली आणि १९८० साली हेच नाटक युरोपपर्यंत नेले. या इतिहासाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. ही सारी मंडळी होती कोण? जब्बार पटेल वैद्यकीय पदवीधर, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या क्षेत्रात काम करणारे. 'तीन पैशाचा तमाशा'च्या (१९७८) संगीतात नंदू भेंडे यांच्याबरोबर चंदावरकरांचे सहकारी असलेले आनंद मोडक हे बँक ऑफ महाराष्ट्रचे कर्मचारी. मूळ अकोल्याच्या या बँक कर्मचाऱ्याने 'महानिर्वाण'सारख्या नाटकाला संगीत दिले आणि २०१४ मध्ये निधन होईपर्यंत नवनव्या रचना केल्या.

याचा अर्थ असा, की मराठी प्रायोगिक रंगभूमीचे खरे भांडवल कोणा धनिकाच्या तिजोरीतून आले नाही. ते पगारदार माणसांच्या संध्याकाळींतून आले. दिवसभर दवाखान्यात, महाविद्यालयात वा बँकेच्या काउंटरवर काम करून सायंकाळी तालमीला येणारी वीस-पंचवीस माणसे आपले श्रम विनामूल्य देत होती. त्या श्रमांची बाजारभावाने किंमत केली असती, तर असे नाटक उभेच राहिले नसते. 'सामना'ची कथाही फारशी वेगळी नाही. सहकारी साखर कारखान्याच्या राजकारणावरील हा चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्याला संगीत चंदावरकरांचे होते, आणि त्याचे निर्माते रामदास फुटाणे हे जामखेडचे, पेशाने चित्रकला-शिक्षक होते.

अनेक वाद्यांचा जाणकार

संगीतकाराला अनेक वाद्ये यावी लागतात, यामागे हौसेपेक्षा गरज अधिक असते. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचे महत्त्व सांगितले. मोठ्या चित्रपटसृष्टीत तशी विभागणी शक्य असते. चाल एकाची, वाद्यमेळ दुसऱ्याचा, वादन तिसऱ्याचे. परंतु हौशी नाटकाच्या मागे बसणाऱ्या चार वादकांत ही विभागणी चालत नाही. तेथे संगीतकाराला प्रत्येक वाद्याची कुवत, त्याचे दोष आणि ते वाजविणाऱ्याचा हात ठाऊक असावा लागतो. सतारीची मींड पेटीतून निघत नाही आणि संबळाचे काम तबला करू शकत नाही, हे कळले तरच चार वाद्यांतून चाळीसांचा परिणाम साधता येतो. चंदावरकरांनी वाद्यांविषयी केवळ वादक म्हणून विचार केला नाही, त्यांविषयी विपुल लिहिलेही. 'वाद्यवेध' हे त्यांचे पुस्तक त्या चिंतनाची साक्ष आहे.

ज्याला संस्थेचा असा आधार मिळत नाही, त्याचे काय होते? गोव्यातील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) यांचे उदाहरण येथे आठवते. ते व्हायोलिनवादक, मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील नामवंत वाद्यवृंद-संयोजक आणि प्यारेलाल यांच्यासारख्यांचे गुरू. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणाऱ्या स्वतंत्र रचना त्यांनी केल्या आणि त्या वाजविल्या जाव्यात म्हणून १९५८ मध्ये मुंबईत स्वतःच मोठा वाद्यवृंद उभारला. कोणाच्याही कायम अनुदानावाचून हा उद्योग टिकणे कठीण होते. साठीच्या दशकात ते अमेरिकेत गेले आणि पुढे परतल्यावर गोव्यात शांतपणे राहिले. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यामुळे त्यांचे नाव देशभर गाजले; ते नाव एका जिवंत संगीतकाराचे आहे, हे गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते. त्याच १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, निर्माता ठरतो. संगीतकारांना स्वामित्वधनातील वाटा सोडून देण्यास भाग पाडता येणार नाही, अशी दुरुस्ती १९५७ च्या कायद्यात होण्यास २०१२ साल उजाडावे लागले.

गोन्साल्विस यांची प्रतिभा चंदावरकरांपेक्षा उणी होती, असे कोणी म्हणणार नाही. दोघांच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्था निराळ्या होत्या.

स्वस्त न होणारी कला

या व्यवस्थेची गरज का पडते, याचे शास्त्रीय उत्तर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मधील आपल्या ग्रंथात दिले आहे. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. यंत्रामुळे कापडगिरणीतील कामगार पूर्वीपेक्षा कितीतरी पट अधिक कापड विणतो, म्हणून त्याची मजुरी वाढली तरी कापड महाग होत नाही. परंतु चार वादकांसाठी दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेली रचना वाजविण्यास आजही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. इतरत्र मजुरी वाढत गेली, की वादकालाही अधिक पैसे द्यावे लागतात. त्याची उत्पादकता मात्र वाढलेली नसते. त्यामुळे जिवंत संगीताचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेने सतत वाढत राहतो आणि तिकिटाच्या पैशातून तो भागत नाही. शाळेतील शिक्षकालाही हाच नियम लागू आहे. म्हणूनच शाळांना अनुदान द्यावे लागते, आणि त्याबद्दल कोणी शाळांना तोट्यातला धंदा म्हणत नाही.

आता ध्वनिमुद्रण आणि संगणक यांमुळे हा नियम मोडला, असे कोणी म्हणेल. एका खोलीत बसून एकटा मुलगा यंत्रावर पन्नास वाद्यांचा आवाज काढू शकतो, हे खरे आहे आणि गरीब घरच्या मुलाला त्याचा लाभही झाला आहे. पण त्या यंत्रात जे आवाज भरून येतात, ते कोणीतरी कोठेतरी वाजविलेले असतात. माहूरच्या गोंधळ्याचा हात त्या यंत्रात सहसा सापडत नाही.

मराठवाड्याचा ठेवा

येथे नांदेड-लातूरचा प्रश्न उपस्थित होतो. संगीतकाराला लागणारा कच्चा माल या दोन जिल्ह्यांत इतका आहे, की पुण्याने हेवा करावा. माहूरच्या रेणुकेच्या गोंधळात संबळ आणि तुणतुणे अजून वाजते. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळीची दिमडी आणि लावणीची ढोलकी एकाच माळावर ऐकू येते. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात शबद-कीर्तनाचा नित्यनेम आहे. ज्या ग्रंथातील पदे तेथे गायिली जातात, त्याची मांडणीच रागांनुसार आहे आणि त्यात नामदेवांचीही पदे आहेत. उमरी तालुक्यातील गोरट्याशी दासगणूंच्या कीर्तनपरंपरेचे नाते आहे. लातूर जिल्ह्यातील औशाच्या नाथ संस्थानचे चक्रीभजन, म्हणजे पावले टाकीत फिरत फिरत गायिले जाणारे भजन, हा तर गाणे आणि गती यांचा स्वतंत्रच आविष्कार आहे. 'घाशीराम'च्या संगीतकाराने ज्या पेटीतून रत्ने काढली, ती पेटी येथे घराघरांत उघडी पडली आहे.

माणसेही नव्हती असे नाही. पंडित नाथराव नेरळकर १९३५ मध्ये नांदेडला जन्मले, तेथेच अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले आणि २०२१ मध्ये निवर्तले ते मराठवाड्याचा गायक म्हणून सर्वमान्य होऊन. मात्र त्यांची कर्मभूमी झाली औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर; आणि तेथेही त्यांच्या गाण्यामागे महाविद्यालयातील संगीताध्यापनाची नोकरी होती. पुन्हा तोच धडा.

आणि आता तर पगारदार वर्गही येथे पुरेसा आहे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. महाविद्यालये, बँका, कचेऱ्या, रुग्णालये यांत काम करणारी सुशिक्षित माणसे सत्तरच्या दशकातील पुण्याला शोभतील इतकी आहेत. मग त्यांच्या संध्याकाळी जातात कोठे?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. लातूरने परीक्षेच्या अभ्यासाची एक पद्धत घडविली, ती 'लातूर पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजली आणि नांदेडनेही तोच मार्ग धरला. या पद्धतीची टवाळी करणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. ज्या प्रदेशात पाण्याचा भरवसा नाही आणि उद्योग थोडे, तेथील शेतकऱ्याच्या मुलाला डॉक्टर होण्याचा रस्ता त्यातून मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि त्याची किंमत कशात मोजली गेली, हेही पाहिले पाहिजे. दहावीला शास्त्रीय कला शिकणाऱ्यांना वाढीव गुण मिळतात. ही तरतूद चांगल्या हेतूने झाली. परंतु तिचा व्यवहारातील परिणाम असा, की गुण पदरात पडेपर्यंत तबला वाजतो आणि अकरावीच्या प्रवेशाबरोबर तो माळ्यावर जातो. चार वाद्यांवर हात चालणारा मुलगा बापाला विचारतो, की यातले कोणते पोट भरील. बाप कारकून असतो, हिशेब जाणतो; त्याच्यापाशी उत्तर नसते. तो मुलाला शिकवणीच्या वर्गात घालतो आणि त्यात त्याचे काहीही चुकत नाही. चूक असलीच तर ती या हिशेबात दुसरा रकाना निर्माण न करणाऱ्या समाजाची आहे.

तो रकाना निर्माण करण्यास फार मोठा निधी लागत नाही. विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे. युवक महोत्सव दरवर्षी होतो. त्यात मुले वाजवितात, पदके घेतात आणि घरी जातात. त्या महोत्सवासाठी दरवर्षी एका तरुण संगीतकाराकडून एक नवी रचना मानधन देऊन करवून घ्यावी. वादक येथलेच असावेत, संबळ, हलगी आणि टाळ त्यात असावेत. दोन्ही शहरांच्या महानगरपालिकांनी वर्षातून एखादा मंडप कमी उभारला, तरी असे मानधन निघेल. शाळांतील संगीतशिक्षकाची जागा रिकामी न ठेवता भरावी, कारण चंदावरकरांच्या चरित्राचा मथितार्थ त्या जागेतच आहे. आणि ज्यांची नोकरी कायम आहे, त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ तालमीच्या खोलीला द्यावी. वादक म्हणून जमत नसेल, तर दार उघडणारा आणि सतरंजी घालणारा म्हणून.

एवढे केले म्हणजे लातुरात लगेच चंदावरकर जन्माला येईल, असे नव्हे. पैशाने प्रतिभा विकत मिळत नाही, हे अर्थशास्त्रालाही मान्य आहे. परंतु प्रतिभा उगवलीच, तर तिला वाढायला दोन-चार वर्षांचा अवधी आणि चार माणसांची सोबत मिळेल, इतकी तजवीज समाज करू शकतो. पुण्यात १९७२ मध्ये ती होती. नांदेड-लातुरात ती करावयाची की नाही, हे ठरविणारी माणसे मुंबईच्या मंत्रालयात कमी आणि याच दोन शहरांच्या शिक्षक-खोल्यांत, कचेऱ्यांत अधिक आहेत.